६२ मेंढ्यांच्या कळपात कृत्रिम रेतन करायचं का? माझं सविस्तर उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा आहे की दिग्रसकडे तुमच्या घरी ६२ मेंढ्या अन दोन मेंढे, आतापर्यंत वडील पाहायचे, आता तुम्ही पाहून राहिले. मोबाईलवर डॉर्पर ह्या परदेशी मेंढीचे व्हिडिओ पाहिले आणि गावात गाई भरवायला जो डॉक्टर येतो त्याच्याकडूनच सगळ्या मेंढ्यांना डॉर्पर नाहीतर सांगलीकडच्या माडग्याळ जातीची कांडी (गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी) भरून घ्यावी असं मनात आहे, शेजारचे मात्र म्हणतात मेंढीत हे चालतच नाही. आणि शेवटी तुम्ही सहज एक वाक्य लिहून टाकलं की यंदा बकरी ईदला सगळ्यात मोठी दोन नर पिल्लं चांगल्या भावात गेली. मला विचाराल तर तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या शेवटच्या वाक्यात आहे, पण आधी कांडीचं बोलू.

मी जनावरांचा डॉक्टर, १९ वर्षं झाली, वर्धा-यवतमाळ-अमरावती हाच पट्टा, आणि त्यातली अर्धी वर्षं मुख्यतः शेळ्या-मेंढ्यांतच गेली.

गावातल्या डॉक्टरला हे काम सांगू नका, त्याचा काही दोष नाही, पण ते काम वेगळं आहे. गाय भरवताना तो एक हात शेणाच्या वाटेनं आत घालतो, आतून गर्भाशयाचं तोंड पकडतो आणि दुसऱ्या हातानं गन बरोबर त्या तोंडातून पलीकडे नेऊन वीर्य सोडतो. मेंढीत हात जायला जागाच नाही. बरं, हात नाही गेला तरी बॅटरी लावून पाहून गन घातली असती, पण मेंढीच्या गर्भाशयाचं तोंड म्हणजे सरळ नळी नाही, आत ५-६ कडक कड्या राहतात आणि एकीचं भोक दुसरीच्या समोर येत नाही, प्रत्येक पुढची कडी मागचीची वाट अडवते. शेळीत वाट त्यामानानं सोपी आहे, म्हणून शेळीत गोठवलेल्या कांडीनं बऱ्यापैकी पिल्लं मिळतात, आणि ते पाहूनच लोकांना वाटते की शेळीत होते तर मेंढीत का नाही. मेंढीत तुम्ही वीर्य फक्त दाराशी सोडू शकता. ताजं असलं तर तिथून आत चढून जाते. गोठवून वितळवलेल्या वीर्यात तेवढा दम राहत नाही, जगतेही कमी वेळ, त्यामुळे मधल्या वाटेतच संपते.

हे मी पुस्तकातलं सांगून नाही राहिलो. सुरुवातीच्या काळात एका मेंढपाळाच्या १८ मेंढ्यांना मी गोठवलेल्या कांड्या अशाच तोंडाशी सोडल्या होत्या. माज बरोबर पाहिला होता, वेळ बरोबर होती, व्याल्या फक्त २. तो माणूस मला एक शब्द बोलला नाही, पण माझ्यामुळे त्याचा हंगाम मागे पडला, बाकीच्या मेंढ्यांची पिल्लं उशिरा आली, उन्हाळा लागेपर्यंत लहानच राहिली आणि त्यातली काही मेली. ते मला अजून लागते, म्हणून इतकं लांबण लावून लिहितो.

मग शेजारचे बरोबर का? तेही नाही. मेंढीत रेतन चालते, रस्ते दोन आहेत. एक दुर्बिणीचा, लॅप्रोस्कोपी. मेंढी आदल्या दिवसापासून उपाशी ठेवायची, भूल देऊन पाळण्यावर डोकं खाली मागचं वर असं बांधायचं, पोटाला दोन बारीक छेद देऊन दुर्बिणीतून पाहत गर्भाशयाच्या दोन्ही शिंगांत (फाट्यांत) थेट वीर्य सोडायचं. ते दाराचं झंझटच राहत नाही, म्हणून गोठवलेली कांडी इथं चालते, आणि चांगल्या हातात १०० पैकी ५० ते ७० मेंढ्या गाभण राहतात. ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकापासून हेच करतात. पण ही शस्त्रक्रिया आहे, शिकलेला डॉक्टर पाहिजे, यंत्रं पाहिजेत. गोठ्यात कोणी 'दुर्बिणीनं करून देतो' म्हणून आला तर आधी त्यानं ह्याआधी कुठं केलं आणि किती व्याल्या ते त्या मालकालाच विचारा.

दुसरा रस्ता ताज्या वीर्याचा, आणि आपल्या भागासाठी मला हाच जवळचा वाटते. शिकवलेल्या मेंढ्याकडून कृत्रिम योनीत वीर्य घ्यायचं (आतलं पाणी ४२-४५ अंश), मायक्रोस्कोपखाली हालचाल पाहायची, दुधाच्या किंवा अंड्याच्या बलकाच्या द्रावणात पातळ करायचं आणि थंड डब्यात ठेवून त्याच दिवशी काही तासांत वापरून टाकायचं. दाराशीच सोडायचं, ०.२ मिली पुरते. नीट झालं तर निम्म्याच्या वर गाभण राहतात, माझ्या हातून २४ पैकी १३ व्याल्या तो दिवस मला आठवते, आणि ढिलाई झाली तर हाच आकडा ३० टक्क्यांवर येते. म्हणजे तुमच्या मनात जे होतं, लांबून मागवलेली कांडी आणि गावातला डॉक्टर, ते तेवढं सोडून बाकी सगळं शक्य आहे. पण शक्य आहे म्हणून तुम्ही करावं का, खरा प्रश्न तो आहे.

हिशेब करा. मेंढा एका वेळी साधारण १ मिली वीर्य देते, त्यात ३०० कोटीच्या आसपास शुक्राणू. ताज्या वीर्याच्या एका मात्रेला १५-२० कोटी पुरतात. म्हणजे एका सकाळी एका मेंढ्यापासून १५ मेंढ्या भरतात, हंगामात शेकड्यांनी. आणि तोच मेंढा मोकळा सोडला तर हंगामात ३०-४० मेंढ्या सांभाळते. तुमच्याकडे ६२ मेंढ्या, मेंढे दोन. जे काम दोन मेंढे फुकट करून राहिले त्यासाठी तुम्ही मेंढ्या एकदम माजावर आणायचे स्पंज, इंजेक्शन, डॉक्टर, डबा असा खर्च कराल आणि वर निम्म्या मेंढ्या रिकाम्या राहतील. रेतनाची ताकद एकाच नामी मेंढ्याचं रक्त ३०० मेंढ्यांत पसरवण्यात आहे, म्हणजे पाच-सहा कळपवाले एकत्र आले तर. एकट्याच्या ६२ मेंढ्यांत ती ताकद वायाच जाते. तुमचे काका, मामा, सोयरे जवळपासच्या गावात मेंढ्या ठेवत असतील, आणि ते सगळे एका मेंढ्यावर राजी होत असतील, तर ह्या उत्तराचा पुढचा भाग बदलते.

आता त्या ईदच्या वाक्यावर येतो. तुमच्या कळपात ह्या हंगामात समजा २५ नर पिल्लं झाली. व्यापारी आला, सगळ्यात उंच, लांब, भरलेल्या दोन पिल्लांवर बोट ठेवलं, भाव चांगला दिला, तुम्ही दिली. त्यानंतरची पाच-सहा पुढच्या बाजाराला गेली. शेवटी मागं जे उरलं, जे सहा महिन्यांतही विकण्याजोगं झालं नाही, तेच पुढं तुमचा मेंढा बनते. सांगा बरं, निवड कोणी केली? तुमच्या कळपात निवड होऊनच राहिली, दरवर्षी, पण उलटी, आणि ती व्यापारी करून राहिला. वडिलांच्या काळातल्या मेंढ्या मोठ्या होत्या, आता बारीक झाल्या असं तुम्ही लिहिलं नाही, पण मी ज्या ज्या वाड्यावर जातो तिथं म्हातारी माणसं हेच बोलतात. चराई कमी झाली हे खरं कारण आहेच, पण हे उलट निवडीचं कारण कोणी मोजत नाही. ज्या पिल्लाचा ईदला दोन-चार हजार जास्त भाव आला ते ठेवलं असतं तर दोन वर्षांत ५०-६० पिल्लांचा बाप झालं असतं.

पण मोठं दिसलं म्हणून ठेवलं असंही करू नका, डोळा फसवते. साधा स्प्रिंगचा काटा घ्या, कानात नंबरचा बिल्ला मारा, वही घाला. पिल्लू झालं त्या दिवशी वजन, तारीख, मायचा नंबर, एकटं की जुळं. तीन महिन्यांच्या आसपास पुन्हा वजन. समजा एक पिल्लू जन्मताना २.८ किलो, ८४ व्या दिवशी १४ किलो. दुसरं जन्मताना २.९, आणि ज्या दिवशी तोलली त्या दिवशी ते १०४ दिवसांचं, वजन १५.२. डोळ्याला दुसरं मोठं. पण पहिल्याची रोजची वाढ १३३ ग्रॅम, दुसऱ्याची ११८. दोघांना ९० दिवसांवर आणलं तर पहिलं १४.८, दुसरं १३.५. पहिलं सव्वा किलोनं पुढं आहे आणि तेच तुम्ही विकून टाकलं असतं. त्यात पहिलं जुळ्यातलं असलं, किंवा पहिलटकरणीचं असलं, तर ते आणखीच भारी, कारण त्याला दूध कमी मिळून ते एवढं झालं.

पुसदकडच्या एका म्हाताऱ्या मेंढपाळानं मला शिकवलेली गोष्ट मी अजून पाळतो. तो म्हणायचा, "डाक्टर, मेंढा घ्याचा असन तं आंधी त्याची माय पाय." मायची कास कशी, दोन्ही सडांत दूध आहे का, दरवर्षी व्याली का, पिल्लू जगवलं का. मेंढ्यात तर हे काही दिसत नाही, पण त्याच्या पोरींमध्ये दिसणार. त्यानंतर मेंढ्याकडे पाहा, आंडं दोन्ही सारखी, टणक, खाली लोंबती पाहिजे, जबडा वरखाली नको, पाय सरळ पाहिजे.

इथं एक गोष्ट मी लपवणार नाही. तीन महिन्यांच्या वजनातला साधारण चौथा-पाचवा हिस्साच रक्तातून येते, बाकी दूध, चारा, जंत, हवामान. म्हणजे बाकीच्यांपेक्षा ४ किलो जास्त असलेला मेंढा तुम्ही निवडला तरी रक्ताचा फायदा १ किलोच्या आत, आणि पिल्लाला बापाकडून त्याचा अर्धा, म्हणजे जेमतेम अर्धा किलो. ऐकून हिरमोड होते, मला माहीत आहे. पण तो अर्धा किलो कळपात राहते, पुढच्या वर्षी त्यावर आणखी चढते, त्याला खर्च नाही. आणि ज्याला यंदाच दोन किलो पाहिजे त्यानं जंतनाशक वेळेवर द्यावं, आंत्रविषार अन पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) लस टोचावी, पिल्लांना बाजूला आडोसा करून मूठभर भरडा अन तुरीचं कुटार ठेवावं. ते आधी नाही केलं तर जातिवंत मेंढ्याची पिल्लंही तेवढीच राहतील आणि तुम्ही म्हणाल जात खराब निघाली.

आता जात कोणती. डॉर्पर ही दक्षिण आफ्रिकेत डॉर्सेट हॉर्न आणि काळ्या तोंडाची पर्शियन यांच्यापासून बनवलेली मटणाची जात, वाढ खरंच जोरदार. पण ती वाढ खुराकावरची आहे. तुमच्या मेंढ्या दिवसभर झुडपी जंगलात अन धुऱ्यावर चालतात, हिवाळ्यात लोकांच्या वावरात बसतात. शुद्ध परदेशी वीर्य आणायला सरकारी परवानगी लागते, म्हणून कोणी 'डॉर्परची कांडी' हातात ठेवली तर ती कुठून आली ह्याचा कागद मागा. पहिल्या पिढीचा संकर चांगला दिसतेच, तो विकायला ठीक, पण त्यातल्या माद्या ठेवून पुढच्या पिढ्या काढायच्या ठरवल्या तर आपल्या मेंढीचा काटकपणा आणि चालणं दोन्ही हळूहळू जाते. माडग्याळ सांगली जिल्ह्यातल्या जत भागातली, आपल्याच महाराष्ट्राची, उंच, पोपटासारखं नाक, वाढ चांगली. तिकडचं हवामान कोरडं, आपल्याकडे पावसाळ्यात काळ्या मातीत खूर सडतात, हे ध्यानात ठेवून एखादा मेंढा आणून पाहायला हरकत नाही, पण त्याची पिल्लं तुमच्या मेंढ्याच्या पिल्लांसोबत त्याच वहीत तोलून मगच ठरवा.

जुळ्यांसाठी मात्र महाराष्ट्रात एक खरंच मोठं काम झालं आहे. दख्खनी मेंढी बहुतेक एकच पिल्लू देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बंगालच्या सुंदरबनातली गॅरोल ही इवलीशी मेंढी आणून १९९० च्या दशकात तिचं रक्त दख्खनीत घातलं, तिच्यात जुळ्यांचं जनुक आहे, फेक-बी म्हणतात त्याला, आणि पुढं आकार मोठा ठेवून जनुक तेवढं राखलं. त्या मेंढीला नारी सुवर्णा म्हणतात. २००१ मध्ये ते जनुक नेमकं कोणतं ते कळलं, आता रक्त तपासून मेंढ्यात ते आहे का नाही सांगता येते, डोळ्यानं नाही. मला ह्या कामाचा फार आदर आहे. पण जुळी म्हणजे दोन पिल्लांचं दूध, गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात ढेप, आणि घरी कोणीतरी पाहिजे. बारा महिने फिरस्ती असलेल्या कळपात जुळी झाली की दुसरं पिल्लू वाटेतच जाते. तुम्ही घरी शेडवर किती दिवस राहता ते लिहिलं नाही, त्यावर हे अवलंबून आहे.

म्हणून तुमच्यासाठी माझं मत असं की दोन हंगाम वही आणि मेंढा, रेतन नाही. सोयरे मिळून २५०-३०० मेंढ्या होत असतील तर ताज्या वीर्याचं रेतन, आणि तेही असं.

वेळ ऑगस्ट. हे मी फार जोर देऊन सांगतो. आपल्याकडे नवतपात पारा ४५ च्या वर जाते. मेंढ्याच्या आंडात वीर्य तयार व्हायला साधारण ७ आठवडे लागतात, वर बाहेर यायला आणखी दीड-दोन. म्हणजे मे अखेरीला जे उकडलं ते जुलै संपेपर्यंत खराब निघते, मेंढा उड्या मारते, माजावरच्या मेंढीवर चढते, सगळं ठीक दिसते आणि मेंढ्या उलटत (पुन्हा माजावर येत) राहतात. एका शेतकऱ्यानं जून अखेरीला घाई केली, वीर्य मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर हालचाल नव्हतीच, तेव्हाच थांबलो म्हणून खर्च वाचला. मेंढ्याला उन्हाळाभर सावली, पाणी, अंगावरची लोकर काढलेली, आणि रेतनाच्या दोन महिने आधीपासून थोडा खुराक. १ ऑगस्टला भरलं तर डिसेंबरच्या शेवटी व्यातात, सोयाबीन निघालेलं, कापसाच्या वावरात पाला, तुरीचं कुटार येऊन राहिलेलं, मायला खायला आहे. फक्त थंडीतल्या रात्री पिल्लांना आडोसा पाहिजे.

मेंढा ठरला की ब्रुसेलासाठी (गाभ पाडणारा संसर्ग) रक्त तपासल्याशिवाय वापरायचा नाही, कारण मोकळा मेंढा रोग ४० मेंढ्यांत नेईल, हा ३०० मध्ये नेईल. मेंढ्यांमध्ये मागच्या वेळी नीट व्यालेल्या, अंगानं भरलेल्या तेवढ्याच घ्या, पहिलटकरणी नको, लंगडी नको. दोन-तीन आठवडे आधीपासून रोज पाव किलो मका किंवा ज्वारी. माज मेंढीत दिसत नाही, गाईसारखी ती ओरडत नाही, म्हणून सगळ्यांना एकदम माजावर आणायला १२ दिवस योनीत हार्मोनचा स्पंज ठेवतात, काढताना पीएमएसजीचं (बीजं पिकवणारं हार्मोन) इंजेक्शन देतात आणि ५०-५५ तासांनी भरतात. पीएमएसजीचा डोस डॉक्टरलाच वजन पाहून ठरवू द्या. 'जास्त दिलं तर जुळी होतील' असं सांगणारे भेटतात, पण ३-४ पिल्लं पोटात राहिली तर आपली मेंढी ती जगवू शकत नाही, स्वतःही जाते. स्पंज नको असेल तर मेंढ्याच्या पोटाखाली गोणपाट बांधून सकाळ-संध्याकाळ कळपात सोडा, जिला तो धरते ती बाजूला काढा आणि अर्ध्या दिवसानं भरा. स्वस्त आहे, पण मेंढीचं चक्र १७ दिवसांचं, तेवढे दिवस माणूस अन वीर्य दोन्ही रोज तयार पाहिजे.

भरल्यावर तीन आठवडे लांब चालवू नका, ट्रकमध्ये चढवू नका, आणि पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नका, पोटातल्या गर्भाला बाधते, जंतनाशक त्याआधीच उरकून घ्या. दोन आठवडे मेंढे पूर्ण वेगळे ठेवून मग कळपात सोडा. म्हणजे उलटलेल्या मेंढ्या त्यांच्याकडून गाभण राहतील आणि व्यायच्या तारखांमध्ये स्वच्छ फरक पडेल, कोणतं पिल्लू कोणाचं ते वहीत घोळणार नाही. ४० दिवसांनी सोनोग्राफी झाली तर उत्तम. आणि खर्च मेंढीमागे मोजू नका, जगलेल्या पिल्लामागे मोजा. २० मेंढ्यांवर झालेला सगळा खर्च ९ पिल्लांवर वाटून पाहा, आणि त्यापेक्षा एक चांगला मेंढा विकत घेणं स्वस्त पडलं असतं का तेही पाहा. बऱ्याचदा पडते.

नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा अकोल्याच्या पदव्युत्तर पशुवैद्यक संस्थेत पशुप्रजनन विभाग आहे, तिथं सोयऱ्यांना घेऊन प्रत्यक्ष जा, मेंढ्यांची संख्या लिहून न्या. अमरावतीजवळ पोहऱ्याला मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे, तिथं सध्या कोणते नर आहेत तेही पाहून या.

आणि ईदला दोन गेली, पण त्याच लॉटमधली बाकीची नर पिल्लं अजून घरी असतीलच. ह्या आठवड्यात ती सगळी तोला, जन्माची तारीख वडिलांना किंवा आईला विचारून अंदाजे लिहा, कोणाची माय कोणती तेही विचारा, घरच्या बायांना हे सगळं पाठ राहते. वरची तीन काढा, कानात बिल्ला मारा आणि व्यापारी कितीही म्हणाला तरी ती पोळ्यापर्यंत विकू नका. वजनं इथं लिहा, मी ९० दिवसांवर आणून सांगतो कोणतं ठेवायचं.